राजवाड्यासमोरची भेळ



शाळांना सुट्टी लागली की मुलांना कुठे न्यायचे, हा प्रश्न आपल्यासारख्या घरांत खिशाकडे बघूनच सोडवावा लागतो. महाबळेश्वर आपल्याच जिल्ह्यात आहे, पण तिथली एक रात्र म्हणजे घरातला महिन्याचा किराणा. म्हणून आमच्या घरात वर्षानुवर्षे एकच सहल ठरलेली होती. फलटणहून एस. टी. ने साताऱ्याला जायचे, दुपारभर गाव बघायचे, संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर पोटभर खायचे आणि रात्रीच्या गाडीने घरी यायचे. वाठार स्टेशनवरून साधारण पासष्ट किलोमीटर अंतर. दोन तास धरले की झाले. दुपारची भाकरी-चटणी घरून बांधून घ्यायची, म्हणजे खर्च काय तो गाडीभाड्याचा आणि संध्याकाळच्या खाण्याचा.

२०१९ सालची सहल मात्र आम्ही कायम लक्षात ठेवली. त्या वर्षी मुद्दाम ७ नोव्हेंबरचा दिवस धरला होता. याच तारखेला, १९०० साली, लहानग्या भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली निर्णय घेतला आणि तेव्हापासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. शाळांना दिवाळीची सुट्टी होतीच. हे, मी, माझ्या सासूबाई (त्यांना मी आत्या म्हणते), थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि ऐन वेळी येऊन मिळालेला माझ्या बहिणीचा मुलगा, असे सहा जण निघालो.

भाच्याचे येणे सहज नव्हते. पोरगा बी. कॉम. झालेला. दोन वर्षे एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून राबला आणि कंत्राट संपल्यावर घरी बसला. त्याने डोक्यात घेतले होते की फलटणमध्ये भेळ आणि वडापावचा गाडा लावायचा. बहीण ऐकायला तयार नव्हती. “बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, ते भजी तळायला का?” असे ती म्हणायची. तिचे हे बोलणे सगळ्यांना ऐकू येत होते. पण तिच्या मनात दुसरीही एक भीती होती, ती ती हळू आवाजात फक्त मला सांगायची. “आपल्या हातचं गावात खाईल का कुणी?”

तर असा हा भाचा. “मावशी, चौपाटीवर गाडेवाल्यांना चार गोष्टी विचारतो, मग काय ते ठरवतो,” म्हणाला आणि आमच्याबरोबर गाडीत बसला.

आधी शाळा

सातारा स्टँडवर उतरून आम्ही राजवाड्याला गेलो. छत्रपतींचा जुना राजवाडा तो. याच वास्तूत ते सरकारी हायस्कूल भरत असे. पुढे त्याला प्रतापसिंह हायस्कूल हे नाव मिळाले. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. पहिली इंग्रजीच्या वर्गात त्यांचे नाव घातले गेले आणि १९०४ पर्यंत ते तिथे शिकले. नंतर रामजीबाबा मुंबईला गेले आणि शाळाही सुटली.

वास्तूपुढे उभे राहून मी मुलांना सांगितले, की या शाळेत भिवाला वर्गात सगळ्यांच्या बरोबरीने बसता येत नव्हते. बसायला स्वतःचे गोणपाट घरून आणावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी प्यायचे. शिपाई जागेवर नसला तर तहानलेलेच राहायचे.

“मग डबा खाल्ल्यावर पाणी?” धाकट्याने विचारले. त्याला सगळे प्रश्न खाण्याचेच पडतात. पण हा प्रश्न बरोबर होता. म्हणून त्याला त्याच शाळेतली दुसरी गोष्टही सांगितली. तिथे आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते. मधल्या सुट्टीत हा मुलगा जेवायला घरी पळतो, हे त्यांना पसंत नव्हते. ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी रोज त्याला द्यायचे. विटाळाचा तो काळ, त्यामुळे वरून हातावर टाकायचे, पण द्यायचे. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे मोठेपणीही प्रेमाने सांगितली.

आणि तिसरी गोष्ट मसूरची. रामजीबाबा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर नोकरीला होते. १९०१ च्या सुमारास भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले त्यांना भेटायला साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर त्यांना बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले आणि गाडी स्वतः हाकायची ठरली, तेव्हा कुठे गाडी निघाली. वाटेत कुणी पाणी दिले नाही. डब्यात खायला भरपूर होते, पोटात भूक होती, पण पाण्यावाचून घास उतरेना. पोरे रात्रभर तशीच उपाशी पडून राहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

ही तिसरी गोष्ट आत्यांनीही पहिल्यांदाच ऐकली. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांनी धाकट्याच्या हातात दिली.

समुद्र नसलेली चौपाटी

साताऱ्याला समुद्र नाही, तरी चौपाटी आहे. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर संध्याकाळी भेळपुरीच्या गाड्या लागतात, त्यावरून महाराष्ट्रात कुठेही खाण्याचे गाडे ओळीने उभे राहिले की लोक त्या जागेला चौपाटी म्हणू लागतात. साताऱ्यात ही जागा म्हणजे राजवाड्यासमोरचे गांधी मैदान. आमचे हे तरुणपणी साताऱ्याला आय. टी. आय. करायला होते, तेव्हापासून ही चौपाटी त्यांच्या ओळखीची.

दुपारी मैदान रिकामे असते. ऊन कलले की एकेक गाडा ढकलत येतो. कुणी पाण्याचे पिंप उतरवतो, कुणी शेगडी लावतो, कुणी बाकडी मांडतो. दिवे लागेपर्यंत ओळ भरते आणि वास सुटतो. बाजारहाट करून निघालेल्या बाया, क्लास सुटलेली पोरे, कचेरीतले कारकून, हमाल, रिक्षावाले, नव्याने लग्न झालेली जोडपी, सगळे तिथे येतात. हॉटेलात शिरताना आपल्या चपलांकडे आणि कपड्यांकडे आपलेच लक्ष जाते, आतले दर काय असतील याची धाकधूक असते. गाड्यावर ती धास्ती नाही. दर पाटीवर लिहिलेला असतो, परवडला तर घ्यायचा, नाही तर पुढच्या गाड्यावर जायचे. कुणी अडवत नाही.

ज्याचा त्याचा गाडा

आमच्या घरात प्रत्येकाचा गाडा ठरलेला.

माझी भेळ. भेळवाल्याच्या पुढ्यात चुरमुऱ्याचा डोंगर, त्याच्या बाजूला फरसाण, बारीक शेव, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, चिरलेला कांदा, कोथिंबीर. एका भांड्यात चिंच-गुळाचे आंबटगोड पाणी, दुसऱ्यात हिरव्या मिरचीची चटणी. पातेल्यात सगळे घालून तो पळीने दोन-चार वेळा वरखाली करतो आणि लगेच कागदावर ओततो. भेळेचे सगळे कसब त्या ‘लगेच’मध्ये आहे. चुरमुरे ओले झाले की दोन मिनिटांत मऊ पडतात. म्हणून चांगला भेळवाला आधी कालवून ठेवत नाही आणि चांगला खाणारा हातात घेतल्यावर गप्पा मारत बसत नाही. लांब न्यायची असेल तर सुकी भेळ बांधून घ्यावी आणि चटणी वेगळी मागावी.

थोरलीची पाणीपुरी. पुदिना, कोथिंबीर, मिरची, जिरे आणि काळे मीठ वाटून केलेले हिरवे पाणी, त्यात चिंचेचा आंबटपणा. गाड्याभोवती सहा-सात जणी द्रोण धरून उभ्या असतात आणि गाडेवाला एकेकीला पाळीपाळीने पुरी देतो. कुणाची किती झाली, कुणाला तिखट, कुणाला गोड, हे तो न लिहिता लक्षात ठेवतो. शेवटची सुकी पुरी मागून घ्यायची, तो हक्कच समजायचा.

धाकट्याची पावभाजी. मोठ्या तव्यावर भाजी ठेचताना उलथण्याचा जो खणखणाट होतो, तो ऐकूनच तो धावतो. पावभाजी मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठी केली, असे म्हणतात. पाळी सुटल्यावर घाईत, कमी पैशांत, गरम आणि पोटभर. आमच्या सासऱ्यांचे एक भाऊ गिरणीत होते, त्यामुळे ही भाजी आम्हाला घरचीच वाटते.

ह्यांची मिरची-भजी आणि वर कडक चहा. त्याबद्दल फार सांगायला नको. त्या वासापुढे डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य टिकत नाही.

आत्यांना दात नाहीत. त्यांच्यासाठी रगडा पॅटीस. वाटाण्याचा मऊ शिजलेला रगडा, त्यात बुडालेली बटाट्याची टिक्की, वरून थोडी शेव. शेव भिजेपर्यंत थांबायचे, मग खायचे.

बाकडे

त्या संध्याकाळी आत्यांची रगड्याची बशी आली आणि त्या नेहमीप्रमाणे ती घेऊन बाजूला गेल्या. गाड्यापासून चार पावले दूर, अंधाराच्या कडेला उभ्या राहून खाऊ लागल्या. इतकी वर्षे आम्ही हे बघत होतो. त्यांना गर्दी आवडत नसेल, असेच मला वाटे.

गाडेवाला तरुण होता. त्याने हाक मारली, “आजी, बाकडं मोकळं हाय की. बसा वो.”

“नगं बाबा, उभ्यानंच खाते,” आत्या म्हणाल्या.

“आजी, बस की गं,” थोरली म्हणाली. आत्या बसल्या नाहीत. मी जवळ गेले, तेव्हा खाली बघत म्हणाल्या, “बाकड्यावर बसायची सवयच न्हाय गं.”

मग त्या सांगू लागल्या. त्यांच्या लहानपणी गावात एक चहाचे हॉटेल होते. आपल्या लोकांसाठी कान तुटलेल्या दोन-तीन कपबश्या बाहेर छपराला खोचून ठेवलेल्या असत. आपण काढून घ्यायच्या, धुवायच्या, वरून ओतलेला चहा प्यायचा, परत धुवून खोचून ठेवायच्या. बाकडे आत असे. त्यावर बसायचा प्रश्नच नव्हता. त्यांचे वडील बाजारच्या दिवशी त्यांना भजी घेऊन द्यायचे, ती कागदात बांधून, लांबून टाकलेली. ती हातात घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन खायची. “तुझी आजी कडंला हुबं राहून खायला तिथंच शिकली,” असे त्या थोरलीला म्हणाल्या.

थोरली गप्प झाली. तिने आजीच्या हातातली बशी घेतली, बाकड्यावर ठेवली आणि आजीचा हात धरून तिला बसवले. शेजारी एक अनोळखी बाई नातवाला भरवत बसली होती. ती थोडी सरकली आणि म्हणाली, “या, बसा.” एवढेच घडले. आत्यांनी रगडा संपवला आणि वरून अर्धी बशी आणखी मागितली.

समोर राजवाडा होता. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथेच एक मुलगा पाण्यासाठी शिपायाची वाट बघत उभा राहत होता. तोच मुलगा मोठा होऊन घटना मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. २६ जानेवारी १९५० पासून जी घटना अमलात आली, तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कुणाला मज्जाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्याबद्दलही तेच. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत हॉटेल आणि विहीर लिहावी लागली. का लिहावी लागली, ते त्या संध्याकाळी आमच्या मुलांना आजीकडे बघून समजले. पुस्तकातून इतके समजले नसते.

गाड्यामागचे घर

इकडे भाचा आपल्या कामाला लागला होता. गर्दी ओसरल्यावर तो भेळवाल्याशी बोलत उभा राहिला. भेळवाला मोकळ्या मनाचा होता.

“मी इथं एकटा दिसतो,” तो म्हणाला, “पर दुपारपासनं घरात तीन माणसं राबत्यात.” बटाटे उकडायचे, चिंच भिजवून कोळायची, गूळ चिरायचा, चटण्या वाटायच्या, कांदा-कोथिंबीर निवडून ठेवायची. हे सगळे घरातल्या बायका करतात. गाड्यावर जो नफा दिसतो, त्यात त्यांची मजुरी धरलेलीच नसते. धंदा सुरू करणाऱ्याने ती वहीत मांडावी, नाही तर नफा झाला असे वाटते आणि प्रत्यक्षात घरची माणसे फुकट राबलेली असतात.

दुसरे त्याने सांगितले ते पावसाचे. उन्हाळ्यात आणि सुट्टीत कमवायचे, पावसाळ्यात टिकायचे. सर्द हवेत चुरमुरे लगेच मऊ पडतात, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे लागतात. तिसरे शिल्लक मालाचे. कांदा-कोथिंबीर उद्यावर ढकलायची नाही, तेल काळे पडले की ओतून द्यायचे. एकदा कुणाचे पोट बिघडले की ते गिऱ्हाईक स्वतः येत नाही आणि आणखी दहा जणांना घेऊन जाते. आणि चौथे पाण्याचे. पिण्याचे पाणी आणि बश्या धुण्याचे पाणी वेगळे, झाकलेले आणि रोज ताजे हवे.

भाच्याने सगळे लिहून घेतले. मग थोडा घुटमळला आणि विचारले, “गिऱ्हाईक नाव, गाव, कोण-कुठले, असं विचारतं का?”

भेळवाला हसला. “इचारतंय की. पर आधी भेळ खातंय, मग इचारतंय.”

परतीच्या गाडीत आम्ही या वाक्यावर फार वेळ हसलो. पण भाचा हसत नव्हता. तो म्हणाला, “मावशी, इथं शहर आहे. आपल्याकडं खायच्या आधी विचारलं तर?”

गंगाराम कांबळे यांचा चहा

तेव्हा ह्यांनी त्याला कोल्हापूरची हकीकत सांगितली. ती आपल्या प्रत्येक घरात माहीत असावी, म्हणून इथेही देते.

छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला ते शिवले, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. ही तक्रार महाराजांच्या कानावर गेली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांना पैसे देऊन त्यांनी स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले, ‘सत्यसुधारक’ नावाचे. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः आपली गाडी हॉटेलापुढे थांबवू लागले आणि गंगारामांकडून चहा मागवू लागले. बरोबर मोठमोठी मंडळी असत. राजाने कप तोंडाला लावल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा गंगारामांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभे केले.

“आता राजे नाहीत,” भाचा म्हणाला.

“राजे नाहीत, पण कायदा आहे,” हे म्हणाले. “अन् गिऱ्हाईक म्हणून आपण आहोत. आधी आपण तर जाऊन खाऊया.”

हे बोलणे मला फार पटले. आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराने गाडा लावला, की आपणच पहिल्यांदा नाके मुरडतो. शिकलेला असून गाडा लावतो म्हणून हसतो, उधार मागतो आणि रोखीने खायला मात्र दुसरीकडे जातो. गंगारामांचा चहा राजाने प्याला, ही गोष्ट जयंतीच्या भाषणात सांगायची आणि शेजारच्या पोराचा चहा प्यायचा नाही, याला काय म्हणावे?

कायदा माहीत असू द्या

भाच्याचा गाडा लगेच लागला नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि सगळीकडचेच गाडे बंद पडले. त्या वर्षी जून महिन्यात केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना काढली. तारण न घेता पहिले कर्ज दहा हजारांपर्यंत, ते फेडले की वीस हजार, मग पन्नास हजार. २०२५ मध्ये पहिल्या कर्जाची मर्यादा पंधरा हजार आणि दुसऱ्याची पंचवीस हजार झाली. भाच्याला सुरुवातीला तिचा उपयोग झाला नाही, कारण २४ मार्च २०२० पर्यंत धंद्यात असलेल्यांसाठीच ती होती. शेवटी ज्या बहिणीने गाड्याला विरोध केला, तिनेच आपल्या बचत गटातून कर्ज उचलले. आईचे मन असे असते.

त्याने एक गोष्ट मात्र आधी केली. नगरपरिषदेत जाऊन चौकशी केली. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला आहे. त्यानुसार शहरात विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायला हवे, विक्रेत्याला प्रमाणपत्र मिळायला हवे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जात नाहीत, तोवर कुणाला उठवता येत नाही. नंतरही हलवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसाठी असतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींनाही योग्य प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्यातले किती गाडेवाले या समितीच्या निवडणुकीला उभे राहतात? कायद्यात जागा ठेवलेली आहे, पण तिथे जाऊन बसावे आपणच लागते.

गाड्याच्या आधी बाकडे

गाडा अखेर लागला. फलटणमध्ये संध्याकाळी उभा राहतो. भेळ, वडापाव आणि आठवड्यातून दोन दिवस रगडा. चटण्या बहीणच वाटते. “भजी तळायला का शिकलास?” असे आता ती विचारत नाही. हिशोबाची वही पोराने बी. कॉम. च्या शिस्तीने ठेवली आहे आणि आईची मजुरी त्यात रोज मांडलेली असते, हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

पाटीवर काय लिहायचे, यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली. कुणी म्हणाले, नुसते ‘भेळ सेंटर’ लिही, नसती भानगड नको. कुणी म्हणाले, आडनाव लिही. भाचा काहीच बोलला नाही. पाटी रंगून आली तेव्हा वर त्याचे आडनाव होते आणि कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘जयभीम’. पहिल्या महिन्यात येणारी दोन-तीन गिऱ्हाईके यायची थांबली. का, ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. बाकीची येत राहिली, नवीही लागली. सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. पण घर चालते आणि पाटी उतरलेली नाही.

गाडा यायच्या आधी भाच्याने सुताराकडून एक लांब बाकडे करून घेतले होते. पहिल्या दिवशी त्यावर पहिल्यांदा कोण बसले, हे वाचकांनी ओळखलेच असेल. आत्यांनी रगड्याची बशी मांडीवर घेतली, शेव भिजेपर्यंत थांबल्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हातारीला हाक मारली, “ये गं, बस. जागा हाय.”

जाताना लक्षात ठेवा

चौपाटी कुठल्याही गावची असो, लहान मुलांना घेऊन जाताना आधी पाणी बघा. पिंप झाकलेले आहे का, बश्या वाहत्या पाण्यात धुतात की एकाच बादलीत बुचकळतात, हे बघायला अर्धा मिनिट लागतो. पावसाळ्यात काविळीची साथ असेल तर पाणीपुरी टाळून समोर तळलेले गरम खावे. प्यायचे पाणी घरून न्यावे. साताऱ्याहून येताना कंदी पेढे घ्यायला विसरू नका. खरपूस भाजलेले असल्याने ते दोन-चार दिवस सहज टिकतात आणि शेजाऱ्यांना देता येतात.

गाडा लावू पाहणाऱ्यांनी धंद्यासाठी व्यापारी वापराचा सिलिंडरच घ्यावा, घरगुती सिलिंडर गाड्यावर चालत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी आणि रोजचा हिशोब रोज लिहावा.

आणि मुलांना राजवाड्यासमोर न्याल, तेव्हा भेळ हातात देण्याआधी समोरची शाळा दाखवा. त्या शाळेत एका मुलाला पाणी कसे प्यावे लागे, ते सांगा. मग सगळ्यांनी मिळून बाकड्यावर बसून खा.